जास्त विचार करू नका, जरा विचार करा

देवपुरात राहणाऱ्या माणसाला दोन सल्ले फुकट मिळतात आणि बहुतेक वेळा ते एकाच दिवशी मिळतात. सकाळी दवाखान्यात दंडावरचा बीपीचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर म्हणतात, "काका, जास्त विचार करत जाऊ नका." संध्याकाळी तेच काका स्वस्त मिळाले म्हणून वाडीभोकर रोडवरून पाच किलो टमाटे घेऊन घरी येतात आणि आतून आवाज येतो, "अहो, जरा विचार करत जा!" डॉक्टरांचं 'जास्त' कुठून सुरू होतं आणि घरचं 'जरा' कुठे संपतं, हे मात्र दोघांपैकी कुणीच सांगत नाही. काका रात्री गच्चीवर पडल्या पडल्या नेमका त्याचाच विचार करत राहतात आणि सकाळी बीपी पुन्हा वर.

पांझरेच्या दक्षिण काठावरच्या पेठा कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने दोनशे वर्षांपूर्वी काटकोनात आखून दिल्या. उत्तर काठावरचं देवपूर मात्र आपल्या मनाने वाढलं. आधी एकवीरा देवी, मग कॉलेजं, मग कॉलन्या. प्रत्येक कॉलनीला एक ओपन स्पेस, ओपन स्पेसमध्ये एक देऊळ आणि देवळाला लागून एक पत्र्याचा हॉल. या हॉलमध्ये सकाळी सहाला शांतिपक्ष भरतो आणि संध्याकाळी सहाला विचारपक्ष. सतरंजी तीच, माणसंही तीच. ज्यांनी सकाळी डोकं रिकामं करायची शिकस्त केलेली असते, तेच संध्याकाळी ते पुन्हा काठोकाठ भरून घ्यायला येतात.

सकाळच्या सत्राला गुरू नाहीत, स्पीकर आहे. कुणाच्या तरी मुलाने पुण्याहून पाठवलेला. मोबाइलवर एका धीरगंभीर बाईंचा आवाज लावायचा आणि डोळे मिटायचे. "आता सगळ्या चिंता हळूहळू सोडून द्या," बाई सांगतात. आपण सोडू लागतो. पहिली चिंता जेमतेम दाराबाहेर पाऊल टाकते, तोच मध्येच जाहिरात लागते: पाच मिनिटांत पर्सनल लोन, कागदपत्रांची कटकट नाही. बाहेर निघालेली चिंता हप्त्यांसकट परत येऊन बसते.

मग श्वासाकडे लक्ष. श्वास आत, श्वास बाहेर. तिसऱ्या श्वासाला दूधवाल्याचा हिशेब आठवतो. मध्ये आपण शिरपूरला गेलो होतो, ते दिवस त्याने वजा धरले का? चौथ्या श्वासाला शिरपूरचा मेहुणा आठवतो. पाचव्याला मेहुण्याने दिवाळीत नेलेलं ड्रिल मशीन. त्यापुढचे श्वास कोण घेतं कुणास ठाऊक, कारण आपण तोवर मेहुण्याला काय काय ऐकवायचं याची वाक्यं जुळवत असतो. ती इतकी सुरेख जुळतात, शेवटचं तर असं वर्मी लागणारं सुचतं, की समोर मेहुणा नाही याचीच हळहळ वाटते. नेमक्या त्या क्षणी बाई जाहीर करतात, "आता तुमचं मन पूर्णपणे शांत झालेलं आहे."

एवढ्यात कोपऱ्यावर घंटागाडी गाणं लावते. त्यालाही हॉल दाद देत नाही. निदान डोळे कुणी उघडत नाही. पण मग कुठल्याशा गॅलरीतून हाळी येते, "नळ आले!" ज्या गुडघ्यांना सतरंजीवर टेकायला दहा मिनिटं लागली होती, ते गुडघे अर्ध्या मिनिटात आपापल्या मोटारीच्या बटणापाशी पोहोचतात. हॉलमध्ये उरतो स्पीकर, आणि त्यात त्या बाई. त्यांचं मन मात्र खरोखर शांत असतं.

शांतिपक्षात एक सर आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. शांतीच्या बाबतीत त्यांनी थेट पदवीच घेतलेली आहे. धुळ्याजवळ देदरगावला विपश्यनेचं केंद्र आहे, धम्म सरोवर. तिथे ते दहा दिवस राहून आले. पहाटे चारची घंटा, मोबाइल जमा, वाचन नाही, लेखन नाही, नऊ दिवस मौन आणि दहाव्या दिवशी ते सोडायचं. या केंद्राच्या पत्त्यात खूण म्हणून जलशुद्धीकरण केंद्राचं नाव आहे. शहराचं पाणी गाळायची आणि शहराची मनं गाळायची सोय शेजारीशेजारी करणाऱ्याला दाद दिली पाहिजे. सर तिथून आले ते खरंच निवळून आले होते. चेहऱ्यावर तेज, बोलण्यात संथपणा. फक्त दहाव्या दिवशी सुटलेलं मौन त्यांना पुन्हा सापडलं नाही. पुढे दोन महिने ते भेटेल त्याला मौनाचं महत्त्व सांगत होते. दत्तमंदिराच्या चौकात ते दिसले की घाईची कामं असलेले लोक गल्ली बदलायचे.

यात देवपूरची बदनामी करण्याचा हेतू नाही. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली मोबाइलवरून 2,250 माणसांना दिवसभरात केव्हाही विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे? तेव्हा जागेपणीच्या जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. शिवाय भटकणारं मन सुखात नसतं, हेही दिसलं. पुढे 2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी याहून मजेदार प्रयोग केला. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं. मोबाइल नाही, पुस्तक नाही, फक्त आपण आणि आपले विचार. जोडीला एक बटण; दाबलं तर विजेचा झटका बसणार. हा झटका नको म्हणून पदरचे पैसे मोजू, असं म्हणणारीच माणसं निवडली होती. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी बटण दाबलं. एका गृहस्थाने तर पंधरा मिनिटांत 190 वेळा दाबलं. स्वतःच्या विचारांच्या संगतीपेक्षा शॉक बरा! आपल्याकडे असल्या प्रयोगाला वेगळी खोली लागत नाही. ते बटण आपण खिशात घेऊन फिरतो आणि त्याला रिचार्जही मारतो.

आता संध्याकाळचा विचारपक्ष. इथे विचार मुद्दाम, ठरवून आणि सामुदायिक रीतीने केला जातो. नोटीस निघते: 'हॉलला रंग देण्याबाबत विचारविनिमय करण्यासाठी बैठक.' पिस्ता की अबोली, एवढाच विषय. सुरुवात बरी होते. कुणी तरी म्हणतं, पिस्ता रंग थंड वाटतो. त्यावर दुसरं कुणी म्हणतं, थंडाव्याचं काय सांगता, यंदा ऊन किती आहे. उन्हावरून पाऊस, पावसावरून कापूस, कापसाच्या भावावरून अमेरिका. अमेरिकेत गाडी तासभर थांबते, कारण तिथे प्रत्येकाचा एक भाचा आहे. शेवटी चहा येतो, कप परत गोळा होतात आणि इतिवृत्तात नोंद होते: 'सखोल विचार झाला. निर्णय पुढील बैठकीत.' हॉलचा मूळ रंग कोणता होता, हे आता जुन्या फोटोंवरूनच कळतं.

सकाळी विचार थांबत नाही आणि संध्याकाळी सुरू होत नाही. देवपूरकरांच्या मनाचं खरं कोडं हे आहे. 'विचार करू नका' म्हणणारे आणि 'विचार करा' म्हणणारे, दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात की आपल्या डोक्यात जे चालतं तो विचार असतो. जरा आत वाकून पाहिलं तर तिथे काळजी असते, जुनी टोचणी असते आणि सगळ्यात जास्त असते ती भांडणाची तालीम. विचार क्वचित. तो असतो तेव्हा ओळखू येतो, कारण तो प्रश्नापासून सुरू होतो, कागदावर उतरवता येतो आणि कुठेतरी जाऊन संपतो. काळजीला यातलं काहीच जमत नाही. तिला फक्त रात्री साडेतीनला उठवता येतं.

गंमत म्हणजे, या बाबतीत जगाला दोन शब्द शिकवावेत अशी खान्देशाची वाडवडिलांपासूनची कमाई आहे. जळगावच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तरी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा देऊन त्यांनी मनाचं सगळं मानसशास्त्र सांगून टाकलं. हाकललं तरी ते पुन्हा पिकातच. हे त्यांना सुचलं कुठे? कुठल्या शिबिरात नाही. जात्यावर आणि शेतात, हात कामात असताना.

धुळ्यातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घालवून जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. समर्थांनी मनाला उद्देशून 205 श्लोक रचले, हे आपण लहानपणी पाठ करताना ऐकलेलंच असतं. पण त्यातली मेख लक्षात येत नाही. मनाला नुसतं गप्प बस म्हणायला 205 श्लोक लागत नाहीत. समर्थ मनाचं तोंड दाबत नाहीत. ते त्याला समोर बसवतात, समजावतात, चुचकारतात, दम देतात. मराठीत इतकी लांब तंबी क्वचितच कुणाला मिळाली असेल. आपण ते श्लोक लहानपणी एका दमात म्हणायचो, कारण म्हणून झाल्याशिवाय जेवायला वाढत नसत. मनाला उपदेश चालू असायचा आणि मन स्वयंपाकघरात.

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले, 31 डिसेंबर 1926 रोजी. शांत मनाचा नमुना म्हणून त्यांचं नाव घेण्याची कुणाची छाती होणार नाही; त्यांच्या रागाच्या कथा त्यांच्या संशोधनाइतक्याच प्रसिद्ध आहेत. पण या माणसाने गावोगाव हिंडून, माळ्यावरची दफ्तरं उपसून, कसर लागलेले कागद वाचून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' 22 खंडांत छापली. त्यांना कुणी म्हटलं असतं, "राजवाडे, जास्त विचार करू नका," तर मिळालेलं उत्तर कुठल्याच खंडात छापता आलं नसतं. माणसांशी त्यांचा क्षणाक्षणाला खटका उडे; मोडी कागद पुढ्यात आला की मात्र तो कागद आणि ते. मग मेहुण्याचं ड्रिल मशीन आठवण्याची प्राज्ञा नव्हती. ते गेल्यावर पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. बैठक एकाच वेळेत संपून निर्णय झाल्याचं ते आपल्याकडचं ठळक उदाहरण.

आणि अमळनेर! तिथे 1916 साली कापड गिरणीच्या मालकाने, प्रताप शेठजींनी, तत्त्वज्ञान मंदिर काढलं. वेदान्तावर विचार करायचा, राहायची सोय, वर विद्यावेतन. खान्देशात एके काळी विचार करायला पैसे मिळत होते, हे मी विचारपक्षात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "अर्ज कुठे करायचा?" आणि दुसरा, "पेन्शन होती का?" बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे मोठे तत्त्वज्ञ त्यासाठी अमळनेरच्या उन्हात येऊन राहिले. गिरणीच्या भोंग्याच्या गावात बसून अद्वैताचा विचार करता येतो, तर घंटागाडीच्या गाण्यात मनाचा विचार करायला कुणाची हरकत असावी?

पण सगळ्यांवर कडी धुळ्याच्या तुरुंगाने केली. 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली. एका रविवारी एक अध्याय, अशी 18. सहावा अध्याय ध्यानाचा, तो मार्चच्या शेवटच्या रविवारी आला. धुळ्यातला मार्च म्हणजे कैद्याला आणि जेलरला सारखीच शिक्षा. नीट पाहिलं तर सरकारने नकळत एक उत्तम निवासी शिबिरच भरवलं होतं. ना नळाची काळजी, ना पाहुण्यांची, ना लग्नसराईच्या पाकिटांची. शांत राहण्यासाठी याहून चांगली जागा त्या काळात मिळणं कठीण होतं. फक्त प्रवेशाला कायदा मोडावा लागे.

विनोबांनी ध्यानासाठी तीन गोष्टी सांगितल्या: चित्ताची एकाग्रता, जीवनातली परिमितता आणि समदृष्टी. देवपुरात पहिल्या गोष्टीला मोबाइल आडवा येतो. परिमितता म्हणजे सगळं मोजकं, बेताचं. तिला आडवी येते शेवभाजी, जिची तर्री बघूनच माणसाचं माप सुटतं. आणि समदृष्टी तर आपल्या गेटसमोर दुसऱ्याने स्कूटर लावली की तिथल्या तिथे मावळते. पण विनोबांनी आणखी एक गोष्ट बजावली होती, जी शांतिपक्षाने ऐकली पाहिजे. ही एकाग्रता नुसत्या देवाधर्मासाठी नाही. व्यवहारातल्या कुठल्याही कामात तिच्याशिवाय हाती काही लागत नाही.

त्याचा पुरावा त्याच सभेत मांडी घालून बसला होता. साने गुरुजी ही प्रवचनं उतरवून घेत होते. विनोबा ध्यानाबद्दल बोलत होते आणि गुरुजींना पुढचं वाक्य निसटू द्यायचं नव्हतं. श्वास कुठे चालला आहे, याकडे त्यांचं लक्ष असण्याची शक्यता नाही. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या भरधाव हातामुळे. त्या रविवारी धुळ्याच्या तुरुंगात ध्यान शिकवत होते विनोबा. पण ते अक्षरशः लागलं होतं ते गुरुजींचं.

आणि त्याच सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार आहे: मन वाऱ्यासारखं, ते काही मुठीत धरता येत नाही. कोण म्हणतोय हे? ज्याला झाड दिसलं नाही, फांदी दिसली नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, तो! एकाग्रतेच्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी नुसतं शांत बसायच्या पेपरला हात टेकतो. म्हणजे नेम धरायला काही असलं की मन येतं. 'काहीच करू नकोस' म्हटलं की पळतं. भगवंतांनीही अर्जुनाला रागावलं नाही. हे कठीण आहे असं कबूल केलं आणि अभ्यास कर, हाव सोड, असं सांगितलं. स्पीकरमधल्या बाईंपेक्षा त्यांना माणसाची पारख जास्त होती.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आखाजीला देवपुरातल्या एखाद्या अंगणात जाऊन उभं राहावं. आमच्या शेजारी एक जिजी आहेत. अक्षय्य तृतीयेला त्या खापरावरचे मांडे करतात. चुलीवर उपडं खापर तापलेलं. बाहेर बेचाळीस डिग्री, चुलीपाशी किती ते विचारू नये. पुरण भरलेला गोळा आधी थोडा लाटायचा, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत, झुलवत, कोपरापर्यंत वाढवायचा. तो पातळ होत जातो, आरपार उजेड दिसायला लागतो, आतलं पुरण मात्र कुठेही जमत नाही की फुटत नाही. मग एका झोकात खापरावर. भोवती नातवंडांचा गोंधळ, सुनांच्या गप्पा, आमरसाच्या पातेल्यावर माशा. जिजींच्या कपाळावर आठी नाही, तोंडातून शब्द नाही. नुसते हात चालू. तिथे आलेल्या आपल्या मुख्याध्यापक सरांना राहवलं नाही. हेच ते, साक्षिभाव! त्यांनी आदराने विचारलं, "जिजी, आत्ता तुमच्या मनात काय विचार चालू आहेत?"

जिजींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "इचार कसाले करू भाऊ? मांडा फाटी जाई ना!"

सर दोन मिनिटं गप्प झाले. विपश्यनेनंतर प्रथमच.

जिजींना यातलं सगळं कळलेलं आहे. पीठ किती सैल, खापर किती तापलं, कुठली कड जाड राहिली, हे त्यांना क्षणोक्षणी कळत असतं. हा पक्का, बारीक, मुद्देसूद विचार आहे. आणि त्याच वेळी मन निवांत आहे, कारण दुसरं काही शिरायला त्यात जागाच नाही. 'शांत मन की एकाग्र विचार' हा वाद घालायला लोकांना वेळ मिळतो, कारण त्यांच्या हातांवर मांडा नसतो. मन निवायला हवं ते विचार बंद पडावा म्हणून नव्हे, तर त्याला उतरायला जागा व्हावी म्हणून. आणि डोक्यातली बडबड बंद करायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच डोक्याला एक नेमकं काम देणं.

हे तत्त्व मी जिभाऊंवर आजमावलं. जिभाऊ हे दोन्ही पक्षांचे आजीव सभासद. सकाळी डोळे मिटून आणि संध्याकाळी डोळे उघडे ठेवून ते एकाच गोष्टीचा विचार करतात: गावाकडच्या शेताचा सातबारा. वडील जाऊन चार वर्षं झाली, उताऱ्यावर अजून नाव वडिलांचंच. वारस लावायचे आहेत. धाकटा भाऊ सुरतला उधन्यात असतो. तो काय म्हणेल? बहिणीची सही लागेल का? तलाठी कधी भेटतो? खर्च किती येईल? "चार वर्षांपास्नं इचार करी ऱ्हायनू," ते म्हणतात, आणि चेहऱ्यावर असा थकवा असतो की जणू शेत त्यांनी रोज स्वतः नांगरलं.

एके दिवशी त्यांना हॉलमध्ये गाठलं, स्पीकर बंद केला आणि लाइट बिलाची पाठकोरी बाजू पुढे केली. म्हटलं, "जिभाऊ, एकच काम. प्रश्न लिहा. बाकी कशाचा विचार करायचा नाही." ते आधी बिथरले. विचार असा उघड्यावर लिहायचा म्हणजे काय? पण लिहिले. चार वर्षांचा विचार कागदावर पाच ओळींत मावला. त्यातल्या तीन ओळी म्हणजे 'भाऊ काय म्हणेल' हेच वेगवेगळ्या शब्दांत. उरलेल्या दोनांची उत्तरं कॉलनीतल्याच एका निवृत्त सर्कल अण्णांनी चहा घेता घेता दिली: मृत्यूचा दाखला जोडा, सगळ्या वारसांची नावं घालून अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या, फेरफाराची नोंद होईल, नोटिशीची मुदत जाईल, कुणाची हरकत नसली की नोंद मंजूर.

राहिला भाऊ. जिभाऊंनी तिथूनच फोन लावला. आम्ही सगळे श्वासाकडे लक्ष देऊन ऐकत होतो. भाऊ पलीकडून म्हणाला, "दादा, मी तं केव्हाचा वाट पाही ऱ्हायनू. तू इचार करी ऱ्हायना म्हनीसनी बोलनू नही."

फोन दोन मिनिटांत संपला. अर्ज त्याच आठवड्यात गेला. हरकत कुणी घेतली नाही. यथावकाश नावं लागली. नवा उतारा हातात घेऊन जिभाऊ हॉलमध्ये आले, सगळ्यांना पेढे वाटले, सतरंजीवर बसले आणि डोळे मिटले. मन रिकामं. काही नाही. चार वर्षांत प्रथमच स्पीकरमधल्या बाईंचं म्हणणं खरं झालं होतं.

पाच मिनिटांनी त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "का हो, इतकं सहज झालं… म्हंजे काही तरी ऱ्हायनंच असंल ना?"